अपडाउनवाल्याचं एमबीए

(नोकरी, संसार आणि शनिवार-रविवारचं बिझनेस स्कूल एकाच वेळी अंगावर घेऊ पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी)

आधी एक खुलासा. ‘काम आणि आयुष्य यांचा तोल’ या विषयावर मी आजवर जेवढी व्याख्यानं ऐकली, त्यांतले सगळे वक्ते मोटारीने आले होते आणि मोटार दुसराच कोणी चालवत होता. मी उज्जैनला देवास गेटला राहतो, चाळीस किलोमीटरवर देवासला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी करतो, आणि दोन वर्षांचं एमबीए इंदूरला जाऊन साडेतीन वर्षांत पुरं केलं. मार्गदर्शन करायला याहून जास्त पात्रता लागत असेल तर पुस्तिका इथेच मिटावी.

लागणारं साहित्य

पगारी नोकरी, एक. संसार, एक (आई, बायको, चौथीतली मुलगी). तीन पुडांचा डबा. पाठीवरची सॅक, चेन शाबूत असलेली. फिलिप कोटलरचं ‘मार्केटिंग मॅनेजमेंट’, एक प्रत. १९६७ साली पहिल्यांदा निघालेलं हे पुस्तक आता असं अंगाने भरलंय की सॅकमध्ये ते ठेवलं की डबा आडवा होतो आणि वरणाचं जे व्हायचं ते होतं. झोप, चवीपुरती.

पायरी पहिली: कारण ठरवून ठेवा

प्रवेशाच्या मुलाखतीत विचारतात, एमबीए का करायचंय? तिथे ‘नेतृत्वगुण’ म्हणायचं. खरं कारण असं की माझ्यानंतर लागलेला, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान मुलगा माझा साहेब झाला, आणि त्याच्या नावापुढे तीन अक्षरं होती. मुलगा चांगला आहे, मला अजून ‘सर’ म्हणतो. त्याचंच जास्त लागतं.

घरासाठी वेगळं कारण लागतं. माझी आई पहिलं वर्षभर म्हणायची, ‘अरे, चाळिशीला टेकलास, आता कसल्या परीक्षा? लेकीच्या परीक्षा बघ.’ मग डिसेंबर २०२३ मध्ये आमच्या उज्जैनचे मोहन यादव मुख्यमंत्री झाले. पेपरात त्यांच्या पदव्यांची यादी आली: बीएस्सी, एलएलबी, एमए, पीएचडी, आणि मध्ये एमबीए. आईने चष्मा लावून ती दोनदा वाचली. तेव्हापासून तिचा प्रश्न बदलला. आता विचारते, ‘त्यांना किती वर्षं लागली होती रे?’

पायरी दुसरी: कुठे शिकायचं

सगळ्यात सोपं म्हणजे घरबसल्या. इग्नू १९८५ पासून आहेच. जूनमध्ये परीक्षा, डिसेंबरमध्ये परीक्षा, मध्ये असाइनमेंट. पूर्वी तिथे एमबीए पुरं करायला आठ वर्षांपर्यंत मुदत मिळायची. २०२१ पासून ती चारावर आली. माझ्यासारख्या माणसाला आठ वर्षं दिली असती तर मी सात वर्षं अकरा महिने विचार केला असता, म्हणून तो रस्ता सोडला.

दुसरा पर्याय घराजवळचा. देवासची बस स्टेशनसमोरून निघते, फ्रीगंज ओलांडते आणि देवास रोडवर विक्रम विद्यापीठावरून जाते. १९५७ साली निघालेल्या त्या विद्यापीठात व्यवस्थापनाची संस्था आहे, झाडं आहेत, कँटीन आहे. पण वर्ग दिवसा, आणि दिवसा मी देवासला. म्हणजे साडेतीन वर्षं रोज सकाळी मी एका बिझनेस स्कूलसमोरून पुढे जात होतो, दुसऱ्या गावच्या बिझनेस स्कूलची फी कमवायला.

उरलं इंदूर. शनिवारी संध्याकाळी सहा ते नऊ, रविवारी नऊ ते पाच. नकाशावर उज्जैन, देवास आणि इंदूर यांचा त्रिकोण होतो: दोन बाजू साधारण सारख्या, तिसरी, इंदूर-उज्जैन, पंचावन्न किलोमीटरची. शनिवारी मी तो त्रिकोण पुरा करायचो. सकाळी उज्जैनहून देवास, शिफ्ट सुटल्यावर देवासहून इंदूर, रात्री इंदूरहून उज्जैन. भूमितीत त्रिकोणाच्या आत क्षेत्रफळ असतं. या त्रिकोणाच्या आत माझं घर यायला हवं होतं, पण ते नेमकं कोपऱ्यावर पडलं.

नोकरदारांसाठीचा असा पहिला एमबीए वर्ग शिकागो विद्यापीठाने १९४३ साली काढला, असं आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं. म्हणजे भर महायुद्धात. सर ते अभिमानाने सांगत होते. मला मात्र त्या पहिल्या तुकडीच्या बायकांची काळजी वाटली.

पायरी तिसरी: वेळेचं नियोजन

याबाबतीत उज्जैनच्या माणसाला कुणी शिकवायला जाऊ नये. आमचा देवच काळाचा. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात वेधशाळा बांधायला जी गावं निवडली, त्यांत हे एक. आणि त्याच वेधशाळेत २९ फेब्रुवारी २०२४ रोजी एका नव्या घड्याळाचं उद्घाटन झालं: विक्रमादित्य वैदिक घड्याळ. ते सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत चालतं आणि दिवसाचे तीस मुहूर्त दाखवतं. मुहूर्त साधारण अठ्ठेचाळीस मिनिटांचा.

चोवीस तासांत माझं गणित कधीच बसलं नव्हतं. तीस म्हटल्यावर उमेद आली. सहा जास्त! वहीत मांडलं:

झोप ८ मुहूर्त. कारखाना, जेवणाच्या सुटीसह, ११. अपडाउन ३. (अपडाउन म्हणजे रोज दुसऱ्या गावी नोकरीला जाऊन परत येणं, माळव्यात हे क्रियापद आहे, आणि अर्ध्या घरांत तोच व्यवसाय आहे.) अंघोळ, पूजा, चहा, दोन वेळचं खाणं ३. झाले पंचवीस. उरले पाच. त्यांतला एक लेकीच्या गृहपाठाचा, एक आईची औषधं-भाजी-बिलं-गॅस यांचा, दोन मोबाइलचे. हे दोन मी लिहिले नव्हते, बायकोने मागून पेन्सिलीने घातले. राहिला एक. अठ्ठेचाळीस मिनिटं, अभ्यासाला.

वही तिच्यापुढे ठेवली. ती शाळेत शिकवते, तपासायची सवय आहे. तिने एकदा वरून खाली बघितलं आणि विचारलं, ‘यात मी कुठेय?’

‘तू सगळ्यातच आहेस,’ मी म्हणालो.

नवशिक्यांनी हे उत्तर देऊ नये. मी ते देऊन पाहिलंय. त्यापुढचे चार दिवस डब्यात फक्त पोळ्या आणि लोणचं होतं.

मग आम्ही दोघांनी बसून झोपेतला एक मुहूर्त कापला आणि तो तिच्या नावावर लिहिला. रात्री साडेदहा ते सव्वाअकरा, गॅलरीत, समोर स्टेशनवरच्या घोषणा ऐकत. पहिल्या आठवड्यात मी तीनदा खुर्चीतच झोपलो. तिने उठवलं नाही, पण वहीत त्या तीन दिवसांपुढे फुली मारली. शिक्षिका आहे.

पायरी चौथी ते सहावी

या पायऱ्या दुसऱ्या सेमिस्टरमध्ये गाळल्या गेल्या.

पायरी सातवी: बस, अर्थात खरं वर्गखोलीतलं शिक्षण

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी इथे थांबावं लागेल. तुमच्याकडे एसटी आहे. उशिरा का होईना, ती वेळापत्रकाने बांधलेली असते आणि मास्तरांशी भांडता येतं. आमच्याकडच्या महामंडळाचा गाशा २००५ मध्ये गुंडाळायला घेतला. आता देवास गेटवरून सुटतात त्या खासगी बसगाड्या, आणि त्या वाजले म्हणून सुटत नाहीत, भरली म्हणून सुटतात. कंडक्टर दारात लोंबकळून ‘इंदौर-इंदौर-इंदौर, बैठते ही चलेगी’ असं ओरडत असतो. तुम्ही बसता. बस चालत नाही. मग ड्रायव्हर इंजिन सुरू करतो, गाडी दोन हात पुढे घेतो, पुन्हा मागे घेतो. हे पाहून बाहेर रेंगाळणारे चार जण घाईने चढतात. कंझ्युमर बिहेविअरच्या पेपरात ‘टंचाईचा आभास’ या मुद्द्याला मला पैकीच्या पैकी गुण मिळाले, ते याच जोरावर.

त्या स्टँडवर वेळ कसा मोजायचा, याचे थोडे ठोकताळे. ‘निकल रही है’ म्हणजे वीस मिनिटं. ‘बस, पाँच मिनिट’ म्हणजे अजून अर्धी गाडी रिकामी आहे. कंडक्टर काहीच बोलत नसेल तर पळा, ती खरंच निघालीय. महाकाल मंदिराभोवतीचं ‘महाकाल लोक’ संकुल ऑक्टोबर २०२२ मध्ये खुलं झाल्यापासून तर स्टँडवर बाराही महिने यात्रा असते. ई-रिक्षावाले तुम्हाला सॅकसकट भाविक समजून मंदिराकडे न्यायला धावतात. परीक्षेच्या दिवशी मी एकदा जाणार होतो.

देवासच्या सकाळच्या गाडीत माझी जागा ठरलेली होती. डावीकडची तिसरी रांग, खिडकी. ती जागा नेहमी रिकामी मिळायची, कारण त्या सीटच्या एका पायाचा बोल्ट कधीचा पडलाय. गाडी उजवीकडे वळली की सीट डावीकडे कलते, आणि नरवरच्या पुढच्या खड्ड्यात तर माणूस क्षणभर उभाच राहतो. वाचताना ओळ हरवते. मी अडीच वर्षं कोटलर तिथे वाचला. अजून मला ‘मार्केट सेगमेंटेशन’ म्हटलं की पोटात ढवळतं.

कंडक्टर मला बाउजी म्हणतो. ‘काईं बाउजी, आज भी किताब?’ तिकिटाचे सुटे पैसे तो परत द्यायचा नाही, ‘कल’ म्हणायचा; मी वर्किंग कॅपिटल शिकत होतो, त्याला ते यायचं.

एक धोका सांगून ठेवतो. बसमध्ये सतत पुस्तकात मान घालू नका. उज्जैनचे विष्णु श्रीधर वाकणकर १९५७ साली गाडीने भोपाळकडे चालले होते, खिडकीतून डोंगरातले खडक दिसले, आणि ओळखीचे वाटले म्हणून ते पाहायला गेले. भीमबेटकाची हजारो वर्षांपूर्वीची गुहाचित्रं जगापुढे आली ती तशी. त्या दिवशी हाती कोटलर असता तर तो डोंगर अजून तिथेच निमूट उभा असता. वाकणकरांच्या वेळी कोटलरच्या पुस्तकाला अजून दहा वर्षं होती, हे पुरातत्त्वाचं नशीब.

परतीचं सांगायचं तर इंदूरचा सरवटे स्टँड गाठायचा. हे सरवटे म्हणजे विनायक सीताराम सरवटे, संविधान सभेचे सदस्य. शनिवारी रात्री दहाला, डोक्यात डेप्रिसिएशन आणि पोटात कचोरी घेऊन त्या स्टँडवर उभं राहिलं की माळव्यातल्या मराठी माणसाने काय काय मिळवलं आणि त्यातलं आपल्याकडे काय आलं, याचा हिशोब आपोआप होतो. रस्ता सिंहस्थासाठी सहापदरी करताहेत, २०२८ पर्यंत. तोवर सांवेरपाशी धूळ खाल्ल्याशिवाय पदवी मिळत नाही.

श्रावणाचं काय करायचं

हा प्रश्न कुठल्याच मार्गदर्शिकेत नसतो. उज्जैनकराला सोडवावाच लागतो.

श्रावणात दर सोमवारी महाकालाची सवारी निघते आणि गावातला रस्ता नावाची गोष्ट दुपारनंतर संपते. तेही किती सोमवार? उत्तरेतला श्रावण पौर्णिमा संपली की लागतो, आपला अमावास्येनंतर, पंधरा दिवसांनी. शिंद्यांच्या राज्यापासून इथे दोन्ही पंचांगं मानली जातात. म्हणून सवारी उत्तरेच्या श्रावणात निघते आणि त्यांच्या भाद्रपदाच्या पहिल्या पंधरवड्यातही, जो आपला श्रावणच असतो. दोन घरची मनं राखायची असतील तर कार्यक्रम दीडपट करावा लागतो, हे महाकालाने शिंदेशाहीतच ओळखलं होतं. आमच्या अभ्यासक्रमात याला स्टेकहोल्डर मॅनेजमेंट म्हणतात आणि तीन क्रेडिट देतात.

२०२५ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी काय केलं, तर सवारीच्या सोमवारी शहरातल्या शाळांना सुटी आणि त्याऐवजी रविवारी शाळा. आता माझं घर पाहा. बायको शिक्षिका, लेक चौथीत. दोघी रविवारी शाळेत. मी रविवारी इंदूरला वर्गात. सोमवारी दोघी घरी, मी देवासला. त्या आठवड्यांत आमची भेट म्हणजे सकाळी बाथरूमच्या दारात.

आणि खरं सांगू? साडेतीन वर्षांत तेवढेच रविवार मला अपराधी वाटलं नाही. एरवी मी सॅक उचलली की लेक दारात येऊन काही न बोलता उभी राहायची. त्या रविवारी ती माझ्याआधी दप्तर घेऊन बाहेर पडली, वळून म्हणाली, ‘बाबा, तुम्हाला पण आज शाळा?’ आणि आम्ही तिघं एकाच वेळी जिना उतरलो. मागे आई एकटी राहिली. तिने मात्र संध्याकाळी विचारलं, ‘आज रविवार होता ना रे?’

ग्रुप प्रोजेक्ट

पाच जणांचा गट असतो. एक काम करतो, एक सादर करतो, एक ‘छान झालंय, फक्त फाँट बदल’ म्हणतो, एकाचा सेल्सचा क्वार्टर संपत असतो आणि पाचवा कोण होता ते निकालाच्या दिवशी कळतं. यावर उपाय नाही. पाचवे व्हा.

नापास झाल्यास

व्हाल. मी स्टॅटिस्टिक्समध्ये झालो, दोनदा. पहिल्यांदा कारखान्यात स्टॉकतपासणी होती, दुसऱ्यांदा मला ते येत नव्हतं.

अशा वेळी मी माधव कॉलेजच्या जुन्या इमारतीसमोर जाऊन उभा राहायचो. कित्येक पिढ्या ते कॉलेज इथेच, देवास गेटला भरत होतं. गजानन माधव मुक्तिबोध त्याचे विद्यार्थी. घरात मराठी, भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहिणारे, आणि हे हिंदीतले एवढे मोठे कवी. तर हे मुक्तिबोध १९३० मध्ये याच उज्जैनमध्ये मिडलच्या परीक्षेत नापास झाले होते. आणि पुढे बीएनंतर कित्येक वर्षांनी, नागपुरात नोकरी, अपुरा पगार आणि मुलंबाळं सांभाळत पस्तिशी उलटल्यावर त्यांनी एमए केलं. त्यांनी तोल कसा सांभाळला, असं काही कुठे वाचायला मिळत नाही. बहुधा सांभाळला नसावा. मला ते फार दिलासादायक वाटायचं. समोरचा चहावाला मात्र एकदा म्हणाला, ‘भैया, एडमिशन तो अब ऑनलाइन होता है.’

एखादं सेमिस्टर सोडावं लागलं तरी हरकत नाही. १९४८ मध्ये कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन देवासला राहायला आले, काही वर्षं गाणं बंद होतं, पडल्या पडल्या माळवी लोकगीतं ऐकत होते. त्यांना कुणी ‘तुमच्या रेझ्युमेत ही गॅप कसली?’ असं विचारल्याचं ऐकिवात नाही. मला विचारलं. मी ‘आईचं गुडघ्याचं ऑपरेशन’ असं सांगितल्यावर समोरच्याने ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा अनुभव’ असं लिहून घेतलं.

तिसऱ्या सेमिस्टरला मी सोडायला निघालो होतो. नेमक्या त्याच आठवड्यात सरांनी ‘संक कॉस्ट’ शिकवला: जे पैसे जाऊन चुकले ते पुढच्या निर्णयात धरू नयेत, शहाणा माणूस बुडीत खर्चावर रडत नाही. मला गुरुमंत्र मिळाल्यासारखं झालं. घरी येऊन बायकोला समजावून सांगितलं की भरलेली फी विसरायची, हे शास्त्र आहे.

तिने भांडी विसळता विसळता पुरतं ऐकून घेतलं. ‘आणि हे शिकायला आपण किती भरलेत?’

पुढच्या शनिवारी मी वर्गात होतो.

शेवटची पायरी: पुस्तकांची विल्हेवाट

निकाल लागला. कारखान्यात पेढे दिले. माझ्या साहेबाने मला ‘सर, अभिनंदन’ म्हटलं आणि त्याच दिवशी त्याची पुण्याला बदली झाल्याचं सांगितलं. त्याच्या जागी जो आला तो माझ्याहून अकरा वर्षांनी लहान आहे, आणि आयआयएमचा आहे. पगारात वाढ झाली. कोष्टकात घातली तर ती फीच्या हप्त्यांना साधारण २०२९ मध्ये गाठते. देवासला बँक नोट प्रेस आहे, देशाच्या नोटा आमच्या शेजारी छापल्या जातात. शेजाराचा उपयोग नसतो.

बाकी पुस्तकं गेली. वह्या लेकीने कोऱ्या पानांसाठी घेतल्या, स्टॅटिस्टिक्स कुणाला तरी दिलं, त्याने अजून फोन केलेला नाही. कोटलर राहिला. रद्दीवाला किलोचा भाव सांगत होता, तो ऐकवेना. मग एका सकाळी तो सॅकेत घालून मी नेहमीच्या गाडीला आलो. डबा बऱ्याच दिवसांनी पुन्हा आडवा झाला होता.

‘काईं बाउजी, पास हो गए, फिर भी किताब?’

मी त्याला पुस्तक दिलं. कंडक्टरने ते हातावर तोललं, उलटसुलट केलं, एक पान उघडून ‘अंग्रेजी’ म्हणाला आणि मिटलं. मग वाकला, डावीकडच्या तिसऱ्या सीटचा मोडका पाय उचलून धरला आणि कोटलर खाली सरकवला. वर बसून दोनदा जोर देऊन पाहिला.

‘बैठो,’ तो म्हणाला. ‘बैठते ही चलेगी.’

वीस मिनिटांनी गाडी सुटली. नरवरच्या खड्ड्यात सीट हलली नाही. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. गव्हाची कापणी झाली होती.